मिनिटाला किती थेंब

दिवाळी अंकासाठी ‘रुग्णसेवेतले हृद्य क्षण’ लिहून द्या, असे संपादकांचे पत्र आले. तसे क्षण माझ्याजवळ फारसे नाहीत. अठ्ठावीस वर्षे मी नर्सिंगमध्ये आहे. त्यातली एकोणीस नागपुरातल्या एका नर्सिंग शाळेत शिकवण्यात गेली, आणि शिकवायचा विषय औषधांचे गणित. त्यात हृद्य काही नसते. उत्तर बरोबर असते किंवा चूक असते. म्हणून मी एका गणिताबद्दलच लिहिते आहे. नोकरीची अजून सहा वर्षे बाकी आहेत, हा अंक आमच्या ऑफिसातही येतो, हे ठाऊक असूनच लिहिते आहे.

बाहेरच्यांना वाटते, डॉक्टर सांगतात आणि नर्स देते. मधे काय असते ते कोणाला दिसत नाही. डॉक्टर एक मात्रा लिहितात. कपाटातल्या बाटलीत असते दुसऱ्याच ताकदीचे औषध. या दोहोंचा मेळ अठरा वर्षांची एखादी पोरगी हातात ट्रे घेऊन, उभ्याउभ्या, मनातल्या मनात घालते. ‘हवे ते’ भागिले ‘बाटलीत आहे ते’. दशांशाचे टिंब एक घर सरकले तर दहापट औषध जाते.

सलाइनचेही तसेच. बाटली उलटी टांगतात. तिला नळी जोडलेली असते. नळीच्या वरच्या टोकाला एक पारदर्शक कुपी, तिच्यात थेंब पडताना दिसतो. खाली नळीवर एक चिमटा. डॉक्टर म्हणतात, ही बाटली तीन तासांत गेली पाहिजे. तीन तास बाटलीकडे पाहत कोणी बसू शकत नाही. तेव्हा मिनिटाला किती थेंब पडले म्हणजे बाटली तीन तासांत संपेल हे आधी काढायचे, मनगटावरच्या घड्याळात पाहून थेंब मोजायचे आणि चिमटा तेवढा आवळायचा. त्यासाठी एक गोष्ट मात्र माहीत असावी लागते: किती थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मी शिकले तेव्हा पंधरा थेंबांचा. पुस्तकात पंधरा, फळ्यावर पंधरा. मीही सात वर्षे पंधराच शिकवले.

आमच्याकडे मुली यायच्या त्या उमरेड, कळमेश्वर, कन्हान अशा गावांहून. शाळा मराठीत झालेली, इथली पुस्तके इंग्रजीत. सकाळी साडेसहाला वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. पहिले तीन महिने उमेदवारीचे. ते संपले की परीक्षा. पास झाल्यावर समारंभ होऊन डोक्यावर पांढरी टोपी चढायची आणि पुढचे शिक्षण सुरू व्हायचे. नापास झाले तर आणखी दोन संधी. तिसऱ्यांदा नापास म्हणजे ट्रंक उचलून घरी. विद्यावेतन बंद, आणि गावात ‘नर्सिंगमधून परत आली’ हा शिक्का. लोक त्याचे काय काय अर्थ लावतात ते लिहायला नको.

परीक्षेचा धसका कसा असतो ते मी जवळून पाहिले आहे. पोरी बँडेज गुंडाळताना हाडांची नावे म्हणायच्या. एकीने न्हाणीघराच्या दाराला आतून हृदयाचे चित्र चिकटवले होते. बाहेर रांग लागली तरी ती झडपा पाठ केल्याशिवाय बाहेर येत नसे. मी स्वतः शिकत असताना शरीरशास्त्रात दोन मार्कांनी गेले होते आणि महिनाभर आईला पत्र लिहिले नव्हते. निकालाची यादी मेसच्या दारावर लागायची, पहिल्या नंबरापासून शेवटपर्यंत, नापासांची नावे लाल शाईत. मला मोजायची खोड आहे. एका निकालाच्या दिवशी मी मेसमध्ये उभी राहून ताटे मोजली. अकरा ताटे जशीच्या तशी परत गेली. पुढच्या परीक्षेला मी यादी मेसच्या दारावर लावलीच नाही. ऑफिसच्या दाराला लावली. आमच्या सगळ्यांच्या वर मेट्रनबाई होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी विचारले, “धोटे, हे कोणाच्या परवानगीने?” मी म्हटले, “निकालाच्या दिवशी अकरा जणींचे अन्न वाया जाते, बाई. ऑफिसने विचारले तर काय सांगायचे?” यादी ऑफिसच्या दारावरच राहिली. मुलींच्या भुकेचे कारण चालले नसते. वाया गेलेल्या भाजीचे चालले.

हे सगळे मी मोठेपणाने सांगते आहे. आता माझाच दुसरा नियम सांगते. औषधांच्या गणिताचा पेपर दहा गणितांचा, आणि त्यात दहापैकी दहा मिळाले तरच पास. नऊ म्हणजे नापास. इतर विषयांत पन्नास टक्क्यांना पास करत. माझ्या विषयात नाही. मुली मला पाठीमागे काय म्हणत ते मला ठाऊक होते. मी वर्गात सांगायची, “नऊ रोग्यांना बरोबर औषध दिले आणि दहाव्याला चुकीचे, तर त्या दहाव्याच्या घरच्यांना जाऊन सांगा की मला नव्वद टक्के आहेत.” तो नियम मी आजही सोडलेला नाही. सोडणार नाही.

पण त्या नियमाला एक भोक होते आणि ते माझ्याच हातचे. मी दरवर्षी तीच दहा गणिते द्यायची. पेपर छापायचे स्टेन्सिल एकदा कापलेले, दर वेळी कोण कापणार? मुलींच्या हॉस्टेलमध्ये एक पिवळी वही होती, ती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येई. तिच्यात दहाही उत्तरे होती. हे मला पुष्कळ उशिरा कळले. सातवे गणित असे: ५४० मिलिलिटर सलाइन तीन तासांत द्यायचे आहे, मिनिटाला किती थेंब? तीन तासांची १८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला तीन मिलिलिटर. पंधराने गुणले की पंचेचाळीस. पिवळ्या वहीत पंचेचाळीस.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर सत्तावीस मुलींची एक तुकडी आली. तिच्यात कन्हानची प्रमिला होती. वडील कोळशाच्या खाणीत. छप्पन साली दीक्षा घेतलेले घर. घरात शाळेची पायरी चढलेली ही पहिली मुलगी. तिला विचारूनच हे लिहिते आहे. ती म्हणाली, “लिहा बाई. फक्त आकडे बरोबर लिहा.”

पहिल्या परीक्षेत प्रमिलाला नऊ. सातवे चूक. पेपर परत दिले तेव्हा ती बाकावरून उठली.

“बाई, सातवं काहून चूक?”

“पंचेचाळीस पाहिजे. तू साठ लिहिलेस.”

“साठच येते.”

“पंधरा थेंबांचा एक मिलिलिटर. कर बघू गुणाकार.”

“पंधराचा नाही होत, बाई. वीसचा होते. ते नवी प्लास्टिकची नळी आली न वॉर्डात, तिचा थेंब बारीक पडते. मी मोजलं.”

वर्ग हसला. मीही हसले असेन. तोपर्यंत वॉर्डात रबराच्या नळ्या होत्या, उकळून पुन्हा वापरायच्या. त्या वर्षी एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्या येऊ लागल्या होत्या. हे मला ठाऊक होते. पण नळी म्हणजे नळी, असे मी धरून चालले होते.

“म्हणजे तू बरोबर आणि पुस्तक चूक?”

“पुस्तकाचं मले माहीत नाही. मी नळीचं सांगून राहिली.”

“खाली बस.”

ती बसली. डोळ्यांत पाणी नव्हते. मला ते पाणी बघायची सवय होती, म्हणून ते नसणे मला उद्धटपणासारखे वाटले.

तिने मोजले कसे, ते नंतर कळले. त्या उन्हाळ्यात गॅस्ट्रोचे रोगी पुष्कळ होते. कच्च्या मुलींना एकच काम: बाटलीजवळ थांबायचे आणि थेंब मोजायचे. प्रमिलाने शिकवल्याप्रमाणे पंचेचाळीस थेंब लावले. तीन तास झाले, बाटलीत बरेच पाणी शिल्लक. चार तासांनी बाटली संपली. ड्यूटीवरची तरुण सिस्टर तिच्यावर ओरडली की तुझे लक्ष नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने काढून टाकलेली एक नळी धुऊन घेतली, औषध मोजायच्या काचेच्या ग्लासात पाण्याचे थेंब सोडले आणि दहा मिलिलिटरच्या खुणेपर्यंत मोजले. दोनशे झाले. दीडशे व्हायला हवे होते.

दुसरी परीक्षा पंधरा दिवसांनी. आदल्या संध्याकाळी मी हॉस्टेलवर हजेरी घ्यायला गेले, तेव्हा व्हरांड्यात प्रमिला आणि तिच्या खोलीतली शोभा बोलत होत्या. शोभा उमरेडची, तोंडाने फटकळ, आणि माझ्या विषयात दहापैकी दहा. त्यांना मी दिसले नाही. मी थांबले. ऐकणे योग्य नव्हते, ऐकले.

“तुह्यासाठी सारी दुनिया चुकली का वं?” शोभा म्हणत होती. “लिहून टाक पंचेचाळीस. टोपी घे डोक्यावर. मग वॉर्डात साठ सोड, नाही तर सहाशे सोड. कोण पाहाले येते?”

“मग पेपर कायले असते?”

“पेपर पास व्हायले असते, येडे! तुले का वाटलं, धोटेबाईच्या लग्नाची पत्रिका आहे थे?”

प्रमिला हसली. मग म्हणाली, “मले नाही जमत. मोजलं आहे मी.”

“अन् तिसऱ्यांदा गेली त? बापाले काय सांगशीन?”

“बापाचंच त सांगून राहिली. थो खाणीत कोळशाचे टब भरते. एक टब भरला का खिशात एक खडा टाकते. संध्याकाळी हिशेबाचा मुनशी म्हणते बारा टब. माहा बाप खडे काढून दाखवते, चौदा. रोज भांडण.”

“मग लिहिते का मुनशी चौदा?”

“कधी लिहिते, कधी नाही. पण बाप चौदाचे बारा म्हणत नाही.”

“तुमचं खानदानच येडं आहे,” शोभा म्हणाली, आणि तिने डब्यातला लाडू प्रमिलाच्या हातावर ठेवला.

मी पाय न वाजवता परत फिरले. हजेरी त्या दिवशी घेतली नाही. वहीत मात्र सत्तावीस हजर लिहिले. बरोबर आकडा होता, पण मोजलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाने नऊ गणिते बरोबर सोडवली. सातव्याखाली लिहिले: ‘नवीन नळीने साठ. जुन्या नळीने पंचेचाळीस. जुनी नळी आता वॉर्डात नाही.’ दोन्ही उत्तरे दिलेली. तिला माझे उत्तर ठाऊक होते, ते लिहिलेही होते, फक्त खरे म्हणून लिहिले नव्हते. मी लाल शाईने ‘नऊ’ लिहिले. नापास. तिच्या त्या एका वाक्यावरून वॉर्डात जाऊन पाहता आले असते. वॉर्ड आमच्या शाळेपासून एकशे दहा पावलांवर आहे. मी गेले नाही. सात वर्षे बरोबर शिकवणाऱ्या बाईने तीन महिन्यांच्या पोरीच्या सांगण्यावरून का जावे?

तोपर्यंत बाकीच्या सव्वीस जणी दहावर पोचल्या होत्या. टोपीचा समारंभ झाला. मांडव, खुर्च्या, पाहुणे, नव्या मुलींच्या हातात पेटत्या पणत्या. प्रमिलाला पाहुण्यांना पाणी द्यायच्या कामावर लावले होते. मीच लावले होते. मोकळी एक तीच होती.

समारंभ संपल्यावर एक उंच, काटकुळा गृहस्थ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. नखांच्या कडेला कोळशाची काळी रेघ.

“बाई, मी प्रमिलाचा बाप. पत्र होतं तिचं, का आज टोपी भेटते म्हणून. दोन महिन्यांमागं लिहिलं होतं. मी रजा घेऊन आलो. पोरगी पाणी वाटून राहिली.”

“ती नापास झाली आहे. दोनदा.”

“चुकली का?”

“हो.”

त्याने मान हलवली. मग शांतपणे विचारले, “मोजून चुकली का, बाई? मोजलं म्हणते थे.”

मी साडीचा पदर सारखा केला.

“मंग तुम्ही मोजलं असंन,” तो म्हणाला. “तुमचं निराळं आलं असंन. बरं आहे.”

तो टोमणा नव्हता. मला टोमणे ओळखता येतात. तो माणूस खरोखर धरून चालला होता की शिकवणाऱ्या बाईने मोजले असणारच. त्याने नमस्कार केला आणि मुलीच्या हातून एक ग्लास पाणी घेऊन प्याला. रिकामा ग्लास तिच्या हातात परत दिला. तो कन्हानच्या बसला गेला.

मांडवातल्या खुर्च्या अजून उचलायच्या होत्या. मी समारंभाच्या साडीतच वॉर्डात गेले. न उघडलेली नवी नळी मागितली, पाण्याची बाटली टांगली, मेजरग्लास धरला आणि दहाच्या खुणेपर्यंत थेंब मोजले. दोनशे एक. पुन्हा मोजले. एकशे नव्व्याण्णव. तिसऱ्यांदा दोनशे. मग स्टोअरमधल्या कपाटातून जुनी रबराची नळी काढून मोजली. दीडशे. नव्या नळीचे पाकीट मी फाडून बाजूला टाकले होते ते उचलले. त्यावर बारीक अक्षरांत छापलेले होते: वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. पाच महिने ती पाकिटे वॉर्डाच्या कचऱ्यात जात होती आणि मी त्या कचऱ्याच्या डब्याशेजारून जात होते.

वॉर्डातल्या म्हाताऱ्या सिस्टर माझ्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “नवी नळी हळू चालते, बाई. आम्ही बाटलीवर तासांची पट्टी चिकटवतो, पाणी मागे पडलेले दिसले की चिमटा जरा सैल करतो.”

“कधीपासून?”

“आली तेव्हापासून.”

“मला का नाही सांगितले?”

“तुम्ही काय विचारलं का कधी?” त्या म्हणाल्या. “तुमचं गणित शाळेत, आमची पट्टी वॉर्डात.”

त्या पट्टीमुळे आणि सिस्टरच्या अंदाजामुळे मोठे काही झाले नाही. जिथे जुनी सिस्टर नव्हती, माझ्या हाताखालून गेलेली नवी पोरगी एकटी होती, तिथे बाटली चार तास चालली. अशा बाटल्या किती, तो आकडा मी वॉर्डाच्या नोंदींवरून काढला आहे. इथे लिहीत नाही. माझ्याजवळ आहे.

त्या संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या घरी येऊन चहा पिताना मी यजमानांना सगळे सांगितले. त्यांची सगळी नोकरी सरकारी ऑफिसात गेलेली. म्हणाले, “चूक दुरुस्त कर. कोणाची होती ते लिहू नकोस. ‘नजरचुकीने’ असा शब्द असतो.” मी म्हटले, “नजरचूक व्हायला आधी नजर टाकावी लागते.” त्यांनी कप उचलला आणि पेपर वाचू लागले.

सोमवारी प्रमिलाची तिसरी, शेवटची परीक्षा होती. शनिवारी सकाळी मी मेट्रनबाईंच्या टेबलावर दोन्ही नळ्या, मेजरग्लास आणि पाकीट ठेवले. त्यांनी मी सांगितलेले सगळे ऐकले. बाई हुशार होत्या, लगेच समजल्या.

“ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “सोमवारच्या पेपरातून सातवे गणित काढून टाक. नऊच ठेव. ती पास होईल. पुढच्या वर्षीपासून वीस शिकव. विषय संपला.”

“ती सोमवारी पेपर देणार नाही, बाई. ती पहिल्याच परीक्षेला पास आहे. दहापैकी दहा.”

“मग बाकीच्या?”

“सव्वीसही नापास. माझ्या नियमाने.”

“डोके ठिकाणावर आहे का, धोटे? परवा त्यांच्या डोक्यावर टोप्या घातल्या आपण. सत्तावीसपैकी सव्वीस बरोबर आणि एक चूक, हे कोणालाही समजते. सव्वीस चूक आणि एक बरोबर, हे तू कोणाला पटवणार?”

“बाटलीला पटलेले आहे,” मी म्हटले. “तीन तासांची बाटली चार तास चालते. तिला आपल्या टोप्या दिसत नाहीत.”

“तुझ्या नोंदीत हे जाईल. बढती तुझीच थांबेल.”

“जाऊ द्या.”

ते गेले आणि बढती थांबली. चार वर्षे. हेही आकड्यातच सांगते, म्हणजे कोणाला वाटायला नको की मी हे सगळे फुकटात केले.

मी वर्गात आले. गुणांचे रजिस्टर उघडले. पहिल्या परीक्षेच्या पानावर प्रमिलाच्या नावापुढचा नऊ एका रेघेने खोडला, दहा लिहिले, ‘पास’ लिहिले, सही केली. दुसऱ्या परीक्षेच्या पानावरचे तिचे नाव काढले. ती परीक्षा तिने द्यायलाच नको होती. बाकीच्या सव्वीस नावांपुढे सातव्या गणिताचा एकेक मार्क कमी केला. आणि सत्तावीस नावांच्या खाली अठ्ठाविसावे नाव लिहिले. माझे. नऊ. लाल शाईत, नापास.

मेट्रनबाईंनी दुपारी रजिस्टर मागवले. मला बोलावून म्हणाल्या, “हे शेवटचे नाव खोड. हे रजिस्टर तपासणीला जाते.”

“माझ्या हाताने खोडणार नाही. आपण खोडा आणि शेजारी सही करा.”

त्यांनी पेन उचलले, टोपण काढले. मग टोपण परत लावले आणि रजिस्टर मिटले. ते पान अजून कपाटात आहे. तपासणीला येणारे अधिकारी विचारतात, ही अठ्ठाविसावी विद्यार्थिनी कोण? मी म्हणते, मी.

सव्वीस जणींच्या टोप्या कोणी काढल्या नाहीत. त्यासाठी मीही हट्ट धरला नाही. चूक शिकवणारीची होती. पण प्रत्येकीने वॉर्डात येऊन माझ्यासमोर दोनशे थेंब मोजले. शोभा सगळ्यात शेवटी आली. मोजून झाल्यावर म्हणाली, “बाई, पिवळी वही जाळू का आता?” मी म्हटले, “कसली वही?” तिने जीभ चावली. तेव्हा मला ती वही कळली. त्या दिवसापासून आमच्याकडे सातव्या गणिताला ठरलेले उत्तर नाही. पेपरात असते: समोर ठेवलेल्या नळीचे थेंब मोजा आणि मग उत्तर काढा. परीक्षेला तासभर जास्त लागतो. दरवर्षी कोणीतरी तक्रार करते. करू देत.

एक गोष्ट दुरुस्त झाली नाही. प्रमिलाला टोपी मिळाली ती सोमवारी सकाळी ऑफिसात. मांडव नाही, पणती नाही. मेट्रनबाईंनी टोपी डोक्यावर ठेवली, मी पिना लावल्या, तीन मिनिटांत आटोपले. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला माणूस त्या वेळी खाणीत टब भरत होता. मी त्याला पत्र लिहिले की आपली मुलगी पहिल्याच वेळी पास झाली होती, मी मोजले नव्हते. उत्तर आले नाही. त्याला वाचता येत नव्हते हे मला मागाहून कळले. पत्र शेजारच्या मुनशीने वाचून दाखवले होते म्हणे. चौदाचे बारा करणाऱ्या त्याच मुनशीने ते वाचले, याचे मला अजून समाधान वाटते.

राहता राहिली अठ्ठाविसावी विद्यार्थिनी. नियमाप्रमाणे मला पुन्हा परीक्षा द्यायला हवी होती. त्याच सोमवारी दुपारी, जो पेपर प्रमिला देणार होती तो मी दिला. रिकाम्या वर्गात पहिल्या बाकावर बसून दहाही गणिते सोडवली. हसू नका, प्रत्येक गणित दोनदा ताडून पाहिले. तपासायला प्रमिलाला बसवले, माझ्या खुर्चीवर. नवी टोपी सारखी सरकत होती, ती एका हाताने ती सावरत होती आणि दुसऱ्या हाताने खुणा करत होती. सहापर्यंत बरोबर. सातवे सोडून पुढे गेली. आठ, नऊ, दहा बरोबर. मग पुन्हा सातव्यावर आली. मी साठ लिहिले होते.

“बरोबर आहे ना?” मी विचारले.

तिने पेन खाली ठेवले आणि उठून कपाटातला मेजरग्लास काढला.

“काल स्टोअरात दुसऱ्या कंपनीच्या नळ्यांचं खोकं फोडलं, बाई,” ती म्हणाली. “तुम्ही बसा. मी मोजून येते.”